भयकथेची जननी : मेरी शेली

आपल्या स्मरणिकेत दरवर्षी संतांवर, देशभक्तांवर, नर्मदामैयावर लेख येतात आणि ते यायलाच हवेत. यंदा मी मात्र एका वेगळ्याच बाईंची ओळख करून देण्याचे धाडस करतो आहे. कारण घरातलेच आहे. माझी मुलगी भुताखेतांची आणि विज्ञानाची पुस्तके अक्षरशः खाते. गेल्या वर्षी गणपतीच्या दर्शनाला आलेल्या नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईंनी टेबलावरचे पुस्तक पाहिले आणि मुलीच्या जातीला असले वाचन शोभते का, असे सगळ्यांदेखत विचारले. मुलगी काही न बोलता पुस्तक उचलून आत गेली. मीही गप्प बसलो, याची मला अजून खंत वाटते. वास्तविक डिप्लोमाला असताना मी स्वतः नारायण धारपांच्या कादंबऱ्या रात्र रात्र जागून वाचल्या आणि मला कोणी हटकले नाही. त्या दिवशी जे बोलायला हवे होते, ते आज लिहितो.

फ्रँकेन्स्टाइन हे नाव ऐकले की चपट्या डोक्याचा, मानेत खिळे ठोकलेला राक्षस डोळ्यांसमोर येतो. हे रूप १९३१ सालच्या सिनेमाचे. मूळ पुस्तकात फ्रँकेन्स्टाइन हे राक्षसाचे नव्हे, त्याला घडवणाऱ्या तरुणाचे नाव आहे. राक्षसाला नावच नाही. आणि ही गोष्ट लिहायला बसली तेव्हा लेखिका अवघी अठरा वर्षांची होती.

मेरीचा जन्म ३० ऑगस्ट १७९७ रोजी लंडनमध्ये झाला. आई मेरी वुलस्टनक्राफ्ट हिने स्त्रियांच्या हक्कांवर १७९२ मध्ये गाजलेला ग्रंथ लिहिला होता. बाळंतपणानंतरच्या तापाने ती अकराव्या दिवशी गेली. वडील विल्यम गॉडविन हेही मोठे लेखक व विचारवंत. मुलीला रीतसर शाळा फारशी मिळाली नाही, पण वडिलांच्या ग्रंथसंग्रहाची मोकळीक मिळाली. आईच्या थडग्यापाशी बसून ती वाचत असे. हाती येईल ते वाचायचे, मग इतिहास असो, काव्य असो की रसायनशास्त्र, ही सवय तिला जन्मभर राहिली.

सोळाव्या वर्षी ती कवी पर्सी शेली याच्याबरोबर घर सोडून गेली. तो विवाहित होता. वडिलांनी बोलणे टाकले. १८१५ मध्ये तिला दिवस पुरे भरण्याआधीच मुलगी झाली आणि ते बाळ दोन आठवडेही जगले नाही. शेकोटीपाशी चोळून चोळून ते पुन्हा जिवंत झाल्याचे स्वप्न तिला पडले, ही नोंद तिच्या रोजनिशीत आहे. पुढच्या गोष्टीचे बीज मला तरी इथेच दिसते.

एप्रिल १८१५ मध्ये आजच्या इंडोनेशियातील तांबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला. त्या धुराळ्याने जगाचे हवामान बिघडले. आपल्याकडचा पाऊसही विस्कळीत झाला आणि १८१६ मध्ये युरोपात उन्हाळा असा आलाच नाही. मेरी आणि शेली तेव्हा जिनिव्हा सरोवराकाठी होते. शेजारी कवी बायरन आणि त्याचा डॉक्टर पोलिडोरी. बाहेर सतत पाऊस, आत जर्मन भुतांच्या गोष्टींचे फ्रेंच भाषांतर वाचणे चालू. बायरनने सुचवले की प्रत्येकाने एक भयकथा लिहावी. मेरीला कित्येक दिवस काही सुचेना. मग एका रात्री विजेने मृत शरीरात हालचाल आणता येते का, यावर चर्चा रंगली. गॅल्व्हानीने विजेने बेडकाचे पाय हलवले होते आणि त्याच्या भाच्याने, आल्दिनीने, १८०३ मध्ये लंडनला फाशी गेलेल्या कैद्याच्या प्रेतावर तसाच प्रयोग केला होता. त्या रात्री मेरीला अर्धवट झोपेत आपला राक्षस दिसला.

पुस्तक १ जानेवारी १८१८ रोजी लंडनला निघाले. त्याच दिवशी इकडे भीमेकाठी कोरेगावची लढाई चालू होती. आपले जबलपूरही त्याच सुमारास भोसल्यांच्या हातून इंग्रजांकडे गेले. पहिल्या आवृत्तीच्या प्रती फक्त पाचशे आणि त्यावर लेखिकेचे नाव नाही. प्रस्तावना शेलीने लिहिलेली, त्यामुळे पुस्तकही त्याचेच असावे असा काहींचा समज झाला. असले लेखन मुलीचे कसे असेल, हा प्रश्न तेव्हाही होताच! मेरीचे नाव छापले गेले १८२३ च्या आवृत्तीत. त्याच वर्षी त्यावर नाटक आले. जाहिरातीत राक्षसाच्या नावाच्या जागी नुसत्या रेघा होत्या. त्या पाहून तिला मौज वाटली.

पण तोवर तिच्यावर आभाळ कोसळले होते. १८१८ मध्ये मुलगी क्लारा गेली, १८१९ मध्ये मुलगा विल्यम गेला आणि ८ जुलै १८२२ रोजी शेली इटलीच्या समुद्रात बुडाला. वय वर्षे चोवीस, पदरात एकच मुलगा. सासऱ्यांनी तुटपुंजा खर्च दिला, तोही शेलीचे चरित्र लिहायचे नाही या अटीवर. तिने लेखणीवर घर चालवले. १८२६ मध्ये एकविसाव्या शतकाच्या अखेरीस साथीच्या रोगाने माणूसजात संपते अशी कादंबरी लिहिली. २०२० चा लॉकडाऊन पाहिल्यावर तिची आठवण कोणालाही यावी. १८३९ मध्ये नवऱ्याच्या कविता टिपांसह संपादित केल्या आणि चरित्रात जे लिहिता येत नव्हते त्यातले बरेचसे टिपांतून सांगितले. १ फेब्रुवारी १८५१ रोजी, त्रेपन्नाव्या वर्षी ती गेली.

आता मूळ गोष्टीकडे. फ्रँकेन्स्टाइनचा गुन्हा कोणता? त्याने जीव निर्माण केला हा नव्हे, असे मला वाटते. डोळे उघडलेल्या त्या जिवाचे रूप पाहून तो पळाला, हा त्याचा गुन्हा. तो बिचारा राक्षस रानात लपून भाषा शिकतो, सापडलेली थोर पुस्तके वाचतो, माया मागतो. ती कोणीच देत नाही, तेव्हा तो सूडाला पेटतो. आमच्या रेल्वेत पूल उभा राहिला की काम संपत नाही, देखभाल तिथून सुरू होते. निर्माण करून पाठ फिरवली की अपघात ठरलेला.

आणि हे आपल्याला नवे का आहे? पार्वतीने अंगाच्या मळाची मूर्ती केली, तिच्यात प्राण घातले, दाराशी बसवली. शंकरांनी शिर उडवले तेव्हा तिने त्रैलोक्य हादरवले, आणि हत्तीचे मुख लागलेले ते बाळ पाहून क्षणभरही तोंड फिरवले नाही. उलट त्याला अग्रपूजेचा मान मिळाला. एकाच प्रकारच्या आरंभापासून एकीकडे राक्षस झाला, दुसरीकडे आपला गणराय. फरक पडला तो जवळ घेण्यामुळे.

जिची आई जन्मताच गेली आणि पहिले बाळही गेले, अशा मुलीलाच ही गोष्ट सुचली. भीतीचे वाचन-लेखन हे उनाडपणाचे नसते. पुष्कळदा दुःख समजून घेण्याची ती एक वाट असते. आपल्या मुली काय वाचतात हे जरूर पाहावे, पण त्यांच्या शेजारी बसून पाहावे.

यंदाही आमच्याकडे दर्शनाला अवश्य या. मुलीचे पुस्तक टेबलावरच असेल. कोणी विचारलेच तर या वेळी मी गप्प बसणार नाही.

गणपती बाप्पा मोरया!