शाळेच्या मैदानावरचा जनरल

डिसेंबर सरता सरता शहापूर-मुरबाडकडची भाताची झोडणी उरकलेली असते. मोकळ्या झालेल्या शेतांत वाल धरू लागलेला असतो, आणि सकाळच्या गारठ्यात शाळांच्या मैदानांवरून शिट्ट्या ऐकू येऊ लागतात. प्रजासत्ताक दिनाच्या संचलनाची ती तयारी. पीटीचे सर मुलामुलींना उंचीप्रमाणे उभे करतात, चुन्याच्या रेघा मारतात आणि मग तीन-चार आठवडे तेच ते चालते : सावधान, विश्राम, दाहिने मुड, बाये मुड, कदमताल, थम. पथकात निवड झाली म्हणून एखादी पोर घरी धावत येऊन सांगते आणि मागोमाग पांढऱ्या बुटांचा प्रश्न उभा राहतो. थोरल्या भावाचे बूट पुढे कापूस कोंबून चालवले जातात, त्यांना खडूचा लेप दिला जातो. पहिला आठवडा डावा-उजवा यातच जातो. एकाचा हात आणि पाय एकाच बाजूने पुढे येतो आणि अख्खी रांग हसते. तिसऱ्या आठवड्यात मात्र काहीतरी घडते. साठ पावलांचा एकच आवाज येतो, आणि मुले तो आवाज ऐकून स्वतःच चकित होतात.

या आज्ञा हिंदीत का, असे मराठी शाळेतल्या एखाद्या चौकस मुलाने विचारले तर सर बहुधा म्हणतील, लष्करात तशाच असतात. उत्तर बरोबर आहे, पण अपुरे आहे. लष्कराने इंग्रजी आज्ञा सोडल्या त्या स्वातंत्र्यानंतर. त्याआधीच, हिंदुस्थानच्या बाहेर, एका हिंदी फौजेने आपला कारभार हिंदुस्थानीत सुरू केला होता. ती फौज म्हणजे आझाद हिंद सेना, आणि तिच्या मोठ्या सेनाधिकाऱ्यांत एक कोकणातला मराठा होता. पुढे याच गृहस्थाने कवायत छावणीतून काढून शाळेत आणली. जनरल जगन्नाथराव कृष्णराव भोसले हे त्यांचे नाव. नेताजींबरोबरच्या छायाचित्रांतून ते आपण पाहिलेले असतात, पण शाळेच्या मैदानाशी त्यांचे नाते होते हे फार थोड्यांना ठाऊक आहे.

जगन्नाथरावांचा जन्म १९०६ सालचा, सावंतवाडी संस्थानातल्या तिरोडे गावचा. सावंतवाडीच्या भोसल्यांच्या गोतातले घराणे, म्हणजे तलवारीचा वारसा होता. पण त्या काळी तलवार म्यानातच राहिलेली होती. हिंदी माणसाने फौजेत जायचे ते शिपाई म्हणून. फार तर सुभेदार-मेजर होऊन निवृत्त व्हायचे. कालचा पोरसवदा इंग्रज लेफ्टनंटही त्याच्यावर हुकूम चालवणार. पहिल्या महायुद्धानंतर हे दार किंचित किलकिले झाले. सँडहर्स्ट या विलायतेतल्या लष्करी विद्यालयात वर्षाला दहा हिंदी तरुण घ्यायचे ठरले, आणि त्यांची पूर्वतयारी व्हावी म्हणून १९२२ च्या मार्चमध्ये डेहराडूनला प्रिन्स ऑफ वेल्सच्या नावाने एक शाळा निघाली. जगन्नाथराव या शाळेत गेले. कोकणातल्या लाल मातीतून उठून पंधरा-सोळाव्या वर्षी हिमालयाच्या पायथ्याशी, इंग्रजी पब्लिक स्कूलच्या शिस्तीत! बूट कसे चमकवायचे, काटा-चमचा कसा धरायचा, पाऊल किती इंचांवर टाकायचे, सगळे घटवून घेतले जाई. तिथून सँडहर्स्ट, आणि सँडहर्स्टहून राजाच्या सनदेचे अधिकारी होऊन मराठा पलटण. हा प्रवास थोडक्यात सांगता येतो, तो करणाऱ्याला मात्र दर पायरीवर आपण कुठले आणि कोणाचे हे विसरायला शिकवले जात होते.

शिस्त या शब्दाचा पहिला अर्थ त्यांना तिथे कळला : ज्याचे मीठ खाल्ले त्याच्या हुकुमावर उभे राहायचे. हा अर्थ त्यांनी वीसेक वर्षे प्रामाणिकपणे पाळला.

मग १५ फेब्रुवारी १९४२ उजाडला. सिंगापूर पडले. दोन दिवसांनी फॅरर पार्कच्या मैदानावर चाळीस-पंचेचाळीस हजार हिंदी युद्धकैदी गोळा करण्यात आले. इंग्रज अधिकाऱ्याने त्यांना जपान्यांच्या हवाली केले आणि तो निघून गेला. शिस्तीत वाढलेल्या माणसाला हा धक्का केवढा असेल याची कल्पना करून पाहावी. ज्याच्या हुकुमावर उभे राहायचे तोच पाठ फिरवून चालता झाला. कॅप्टन मोहनसिंगांनी तिथेच आझाद हिंद सेनेची हाक दिली. जगन्नाथराव हुद्द्याने लेफ्टनंट कर्नल, म्हणजे मोहनसिंगांना वरिष्ठ. तरी मोहनसिंग या नव्या फौजेचे जनरल झाल्यावर त्यांच्या हाताखाली त्यांनी हिंदुस्थान फील्ड ग्रूपची सूत्रे घेतली. लष्करी मनाला हे पचवणे सोपे नसते. बँकेसारख्या साध्या नोकरीतही कालचा कनिष्ठ आज साहेब झाला तर माणसे बदलीचे अर्ज करतात, हे मी पुष्कळ पाहिले आहे.

त्यांनी शपथ मोडली का? इंग्रजांच्या कायद्याने, हो. आणि हे मोडणे किती जणांना जड गेले असेल, हे आपण आज टाळ्या वाजवताना विसरतो. पुष्कळ हिंदी सैनिकांनी या फौजेत जायला नकार दिला आणि कैदेत हाल सोसले. तेही शिस्तीचेच माणूस होते. कोण चूक, कोण बरोबर याचा निवाडा फॅरर पार्कच्या उन्हात उभे न राहिलेल्यांनी करू नये.

वर्ष संपता संपता जपान्यांशी खटका उडाला आणि २९ डिसेंबर १९४२ रोजी मोहनसिंगांना अटक झाली. फौज विस्कटली. इथे आपल्या मुलखाची आठवण होते, कारण त्यानंतर चारच दिवसांनी, २ जानेवारी १९४३ च्या पहाटे, मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडच्या जंगलात भाई कोतवाल आणि हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. माथेरानच्या त्या तरुण वकिलाच्या आझाद दस्त्याने विजेचे मनोरे पाडून सरकारला जेरीस आणले होते. त्या दस्त्यात गावची पोरे होती, बंदूक कशी धरावी हेही न शिकलेली. सिंगापुरात होते ते कसलेले शिपाई. एकमेकांची त्यांना वार्ताही नव्हती. पण त्या आठवड्यात दोन्हीकडे एकच प्रश्न होता : सरदार गेल्यावर माणसे एकत्र राहतात कशाने?

सिंगापुरात त्याचे उत्तर शोधणाऱ्यांत जगन्नाथराव पुढे होते. १९४३ च्या सुरुवातीला फौजेची पुन्हा जुळणी झाली, तेव्हा लष्करी कारभाराचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. शाहनवाज खान, सहगल हे पुढे गाजलेले अधिकारी त्यांच्याबरोबर होते. जुलैत सुभाषबाबू सिंगापूरला पोचले, ते या जुळवलेल्या फौजेसमोर. २१ ऑक्टोबरला हंगामी सरकार स्थापन झाले, त्यात सेनेच्या प्रतिनिधींमध्ये भोसले होते. पुढे मेजर जनरल आणि चीफ ऑफ स्टाफ.

या काळातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आता फौजेत केवळ जुने शिपाई नव्हते. मलायातल्या रबराच्या मळ्यांवर राबणारे तमिळ मजूर, दुकानदार, कारकून भरती होऊ लागले. झाशीची राणी पलटणीत घर सोडून आलेल्या मुली होत्या. बालसेनेत शाळकरी पोरे होती. पंचेचाळीस निवडक मुलगे तर लष्करी शिक्षणासाठी टोकियोला पाठवले गेले. पंजाबी हवालदार आणि तमिळ मजूर यांना एकमेकांची भाषा येत नसे. मग रोमन लिपीतली हिंदुस्थानी शिकवायची, आणि तीही न समजणाऱ्याला पायांनी समजवायचे. कवायत ही भाषा न येणाऱ्यांची भाषा आहे. आज्ञा पाच-पन्नास शब्दांची, अर्थ अंगाने कळणारा. आणि महिनाभरात ज्याच्याशी आपण बोलू शकत नाही त्याच्या पावलाशी आपले पाऊल जुळते. या जुळण्यात जात विचारली जात नाही, भाताच्या पंक्तीलाही नाही. शिस्तीचा दुसरा अर्थ जगन्नाथरावांना इथे सापडला असावा असे माझे अनुमान आहे : वरच्याला भिऊन उभे राहणे वेगळे, शेजारच्याला धरून उभे राहणे वेगळे.

पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. इंफाळची मोहीम फसली, जपान शरण गेला, भोसले इंग्रजांच्या कैदेत आले. लाल किल्ल्यातल्या पहिल्या खटल्यात शाहनवाज, सहगल आणि धिल्लन उभे राहिले, देश पेटला, जानेवारी १९४६ मध्ये त्या तिघांना दिलेली जन्मठेप रद्द झाली. पण स्वातंत्र्य मिळाल्यावर स्वतंत्र हिंदुस्थानच्या लष्करात आझाद हिंदच्या अधिकाऱ्यांना परत घेतले गेले नाही. सेनेची घडी मोडू नये, असा त्यामागचा विचार. विचार म्हणून तो समजतो, तरी बोचतो. चाळिशीतला, उमेदीतला सेनानी, आणि त्याला फौज नाही.

१९५२ च्या पहिल्या निवडणुकीत जगन्नाथराव रत्नागिरी जिल्ह्यातून काँग्रेसतर्फे लोकसभेत गेले आणि केंद्रात पुनर्वसन खात्याचे उपमंत्री झाले. पुनर्वसन म्हणजे फाळणीचे निर्वासित. ठाणे जिल्ह्याला हे खाते परके नव्हते. मुरबाडहून कल्याणला एस.टी.ने येताना शहाडजवळ जे गजबजलेले उल्हासनगर लागते, ते मुळात युद्धकाळातल्या लष्करी छावणीच्या बराकींत वसलेले निर्वासितांचे गाव. १९४९ च्या ऑगस्टमध्ये त्याचे नामकरण झाले तेव्हा तिथे लाखाच्या आसपास सिंधी माणसे राहत होती. माझी मुरबाडच्या शाखेत बदली झाली होती तेव्हा उल्हासनगरचे व्यापारी बाजाराला येत. त्यांतले एक वयस्कर गृहस्थ बराकीतल्या बालपणाबद्दल बोलताना भुकेबद्दल फारसे बोलत नसत. दिवसभर करायला काहीच नसे, हे मात्र पुन्हा पुन्हा सांगत.

नेमके हेच जगन्नाथरावांना दिल्लीत दिसले. राजधानीत तेव्हा पाच लाखांच्या घरात निर्वासित होते. लाजपतनगरच्या कस्तुरबा निकेतनमध्ये निराधार विस्थापित स्त्रिया आणि मुले ठेवली होती. मुलांना छप्पर होते, जेवण होते, शाळा होती. पण त्यांनी डोळ्यांदेखत जे पाहिले होते त्यानंतर ती कोणाचे ऐकेनाशी झाली होती. मोडतोड, मारामाऱ्या, पळून जाणे. १९५४ च्या जुलैमध्ये जगन्नाथरावांनी तिथे कवायत सुरू केली. शिकवायला आणले ते आझाद हिंद सेनेतले आपलेच जुने सोबती. ज्यांना फौजेने नाकारले अशी माणसे, आणि जगाने झिडकारलेली पोरे : दोघांना एकाच मैदानावर उभे करायचे, ही कल्पना सुचायला स्वतः तसे उभे राहिलेला माणूसच लागतो.

योजनेला राष्ट्रीय शिस्त योजना असे नाव मिळाले. तिच्यात बंदूक नव्हती. कवायत, सामुदायिक व्यायाम, राष्ट्रगीत एका सुरात आणि बरोबर शब्दांत म्हणणे, थोरांच्या कथा, आणि मुलांनीच आपले पथक चालवणे असा तिचा ढाचा होता. रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी, आपल्या नावाने कोणीतरी हाक मारते. आपण रांगेत नसलो तर तिथे खिंडार दिसते. घर गमावलेल्या पोराला ही जागा मिळाली. निकेतनातला बदल पाहून दिल्लीतल्या इतर शाळांनी मागणी केली, मग राज्याराज्यांतून शाळा आल्या. शिक्षक घडवण्यासाठी राजस्थानात सरिस्का येथे प्रशिक्षण केंद्र निघाले. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेने कोकणात काँग्रेसची वाताहत केली. जगन्नाथरावांचे मंत्रिपद संपले, तरी योजनेचे काम त्यांनी सोडले नाही. ती आता शिक्षण खात्याकडे गेली होती.

टीका झाली नाही असे नाही. लहान मुलांना लष्करी साच्यात घालायचे का, हा प्रश्न तेव्हाही होता आणि रास्त होता. युरोपात रांगेत चालणाऱ्या पोरांचे काय झाले हे जगाने नुकतेच पाहिले होते. मला स्वतःला संचलन पाहताना आनंद आणि धास्ती दोन्ही वाटतात. एका आज्ञेसरशी साठ माना वळतात, तेव्हा आज्ञा देणारा कोण आहे यावर सगळे अवलंबून असते. जगन्नाथरावांच्या बाबतीत एवढे म्हणता येईल की या माणसाने एकदा आज्ञा मोडलेली होती, आणि त्याची किंमतही चुकवली होती. डोळे झाकून पाळायची शिस्त त्याला पुरती ठाऊक होती. त्याने शाळेत नेली ती ती नव्हे.

अडचण निराळीच झाली. एव्हाना शाळा-महाविद्यालयांत एनसीसी होती, तिची धाकटी बहीण एसीसी होती, स्काउट होते, शाळेची आपली पीटी होतीच. एकाच मुलामागे चार शिट्ट्या! या साऱ्यांचा मेळ घालण्यासाठी १९५९ साली पंडित हृदयनाथ कुंझरूंची समिती नेमली गेली. याच कुंझरूंच्या १९४६ च्या समितीतून एनसीसीचा आराखडा आला होता. शाळांसाठी एकच एकत्रित कार्यक्रम असावा आणि वेगवेगळ्या योजना त्यात विलीन व्हाव्यात, असा समितीचा कौल पडला.

तो अमलात आलेला पाहायला जगन्नाथराव राहिले नाहीत. १९६३ साली, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षात, ते गेले. १९६५ पासून त्यांची योजना राष्ट्रीय स्वास्थ्य दलात मिसळून गेली; पुढे १९७० च्या दशकात हे दलही गुंडाळले गेले आणि त्यातले शिक्षक राज्यांकडे वर्ग झाले. कोणी दिल्लीच्या शाळांत रुजू झाले, कोणी खेड्यांतल्या. शाळेच्या हजेरीपटावर त्यांची नोंद साधी होती : शारीरिक शिक्षण शिक्षक.