विजेची पेटी

फ्रान्सच्या उत्तर किनाऱ्यावर बूलोन नावाचे एक जुने बंदर आहे. तेथील एका दर्यावर्दी घराण्यात १७ सप्टेंबर १८०६ रोजी ग्वियोम द्यूशेन यांचा जन्म झाला. मुलाने आपल्याप्रमाणे समुद्रावर जावे, अशी वडिलांची फार इच्छा होती. परंतु द्यूशेन यांच्या मनाचा ओढा शास्त्राकडे होता. त्यांनी पॅरिसला जाऊन वैद्यकाचा अभ्यास केला आणि १८३१ साली पदवी मिळवून ते गावी परतले. त्याच साली इंग्लंडमध्ये मायकेल फॅरडे यांनी लोहचुंबक व तारेचे वेटोळे यांच्या साहाय्याने वीज निर्माण करण्याची युक्ती शोधून काढली. या शोधाशी आपल्या आयुष्याची गाठ पडणार आहे, याची त्या तरुण डॉक्टरांना तेव्हा कल्पनाही नव्हती.

गावात व्यवसाय सुरू झाला, विवाहही झाला. पण हे सुख फार काळ टिकले नाही. एमील या पुत्राच्या जन्मानंतर थोड्याच दिवसांत पत्नीचे निधन झाले. तिच्या माहेरच्या माणसांनी या मृत्यूचा दोष द्यूशेन यांच्यावर ठेवला आणि लहानग्या एमीलला आपल्या घरी नेले. पिता-पुत्रांची अनेक वर्षे ताटातूट झाली. द्यूशेन एकाकी झाले; मात्र कामात त्यांनी खंड पडू दिला नाही.

त्या काळी काही डॉक्टर रोग्याच्या शरीरात सुया टोचून त्यांतून विजेचा प्रवाह सोडीत. द्यूशेन यांनीही हा उपाय करून पाहिला. तेव्हा त्यांच्या ध्यानात आले, की सुया टोचण्याची गरजच नाही. फॅरडे यांच्या शोधावर आधारलेल्या यंत्रातील प्रवाह ओलसर टोकांनी त्वचेवर योग्य जागी लावला, तर नेमका एकच स्नायू आकुंचन पावतो. मग ही वीज केवळ औषध म्हणून का वापरावी? तिच्याकडून रोगाची परीक्षा का करून घेऊ नये? हा विचार मनात घेऊन १८४२ साली ते पॅरिसला गेले.

पॅरिसमध्ये त्यांना कोणत्याही रुग्णालयात पद नव्हते. विजेची पेटी बरोबर घेऊन ते एका रुग्णालयातून दुसऱ्या रुग्णालयात जात, रोग्यांच्या खाटांपाशी बसत आणि बारकाईने तपासणी करीत. या आगंतुक डॉक्टरांना पाहून काहीजण हसत, काहीजण नाक मुरडीत. द्यूशेन तिकडे लक्ष देत नसत. एखादा रोगी दुसऱ्या रुग्णालयात हलविला गेला, तर त्याचा शोध घेत ते तेथेही जाऊन पोहोचत. कारण रोगाचा आरंभ पाहून त्यांचे समाधान होत नसे, त्याचा शेवटही त्यांना पाहावयाचा असे.

शेतात पाणी येईनासे झाले, तर विहीर आटली आहे की पाट फुटला आहे, हे शेतकऱ्याला आधी पाहावे लागते. शरीराचेही तसेच आहे. मेंदूची आज्ञा मज्जातंतूंमधून स्नायूंपर्यंत जाते आणि मग हात हलतो. हात लुळा पडला, तर दोष मेंदूत आहे, मज्जातंतूत आहे की स्नायूत? द्यूशेन यांनी हा प्रश्न विजेला विचारला. मेंदूच्या विकाराने लुळ्या पडलेल्या हाताचे स्नायू प्रवाह लावताच आकुंचन पावत. मज्जातंतूला इजा झाली असेल, किंवा शिशाचे विष शरीरात भिनले असेल, तर मात्र स्नायू हलत नसत. बाहेरून सारखे दिसणारे दोन रोग अशा रीतीने वेगळे ओळखता येऊ लागले. हे सर्व ज्ञान त्यांनी १८५५ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध केले.

लहान मुलांचे स्नायू हळूहळू दुर्बल करणाऱ्या एका रोगाचे त्यांनी १८६८ साली सविस्तर वर्णन केले. तो रोग आज त्यांच्याच नावाने ओळखला जातो. चेहऱ्याच्या स्नायूंचाही त्यांनी अभ्यास केला. खऱ्या आनंदाने हसताना ओठांबरोबर डोळ्यांभोवतीचा स्नायूही आकुंचन पावतो, हे त्यांनी दाखवून दिले. त्यांनी काढविलेली छायाचित्रे चार्ल्स डार्विन यांनी १८७२ साली आपल्या ग्रंथात वापरली.

द्यूशेन यांना विद्यापीठात मानाचे पद कधीच मिळाले नाही. परंतु साल्पेत्रिएर रुग्णालयातील थोर डॉक्टर शार्को त्यांना आपले गुरू मानीत. दुरावलेला एमीलही पुढे डॉक्टर होऊन पित्याजवळ आला आणि त्यांच्या कामात सहभागी झाला. दुर्दैवाने तोही पित्याआधीच मरण पावला. हा आघात सोसून द्यूशेन काम करीत राहिले. १८७५ साली पॅरिसमध्ये त्यांचे देहावसान झाले. जेथे ते एके काळी पाहुण्यासारखे वावरत, त्याच साल्पेत्रिएर रुग्णालयात १८९७ साली त्यांचे स्मारक उभारण्यात आले.

आज मज्जातंतूंची परीक्षा करणारे तज्ज्ञ मोठ्या रुग्णालयांत असतात. ते त्वचेवरून विजेचा सौम्य झटका देतात आणि मज्जातंतूतून संदेश किती वेगाने जातो, ते यंत्रावर मोजतात. निरोगी माणसाच्या हातात हा वेग दर सेकंदाला सुमारे ५० ते ६० मीटर असतो. वेग मंदावला, तर दोष कोठे आहे, हे त्यांना कळते आणि उपचाराची दिशा ठरते. यंत्रे बदलली, पण प्रश्न द्यूशेन यांचाच आहे. उपचार करण्यापूर्वी दोषाचे नेमके स्थान शोधावे, हा धडा त्यांनी पदाविना व मानाविना, रोग्यांच्या खाटांपाशी बसून घालून दिला.