भारतीय फुटबॉलचे गुरुजी : सय्यद अब्दुल रहीम

मी कोल्हापूरचा. आमच्याकडे पेठापेठांत फुटबॉल चालतो, आणि इथे बंगळुरूला स्कूलमध्येही संध्याकाळी मैदान भरलेले असते. सध्या सगळ्यांच्या तोंडी एकच शब्द आहे, हाय प्रेसिंग. चेंडू गेला की तो समोरच्या संघाच्या अर्ध्या मैदानातच परत हिसकावायचा. स्ट्रायकर चेंडूवाल्यावर धावतो, विंगर पासच्या वाटा अडवतात, मिडफिल्डर पुढे सरकतात, बचावफळी मध्यरेषेजवळ येते आणि मागची मोकळी जागा गोलकीपर सांभाळतो. एकाने आळस केला तर बाकी दहा जणांची धाव फुकट जाते.

रहीमसाहेबांच्या काळी हा शब्द नव्हता. पण प्रत्येकाचे काम ठरलेले असते आणि संघासाठी ते बदलावेही लागते, हे भारतीय संघाला त्यांनी शिकवले.

त्यांचा जन्म 17 ऑगस्ट 1909 रोजी हैदराबादला झाला. पेशाने ते शिक्षक. 1950 पासून त्यांनी हैदराबाद सिटी पोलीस संघाला तयार केले. या संघाने मुंबईचा रोव्हर्स कप 1950 ते 1954 असा सलग पाच वेळा जिंकला. चेंडू पायात घोळवत बसणे त्यांना पसंत नव्हते. ड्रिब्लिंगला बंदी असलेले सामने ते भरवत, कमजोर पायानेच खेळायचे सामनेही भरवत. त्यामुळे पास झटपट सुटू लागला.

1951 च्या दिल्लीतील आशियाई स्पर्धेत त्यांच्या संघाने सुवर्णपदक मिळवले. पुढच्याच वर्षी हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने आपल्याला 10-1 असे हरवले. आपले बरेच खेळाडू अनवाणी खेळले होते. रहीमसाहेब खचले नाहीत, कामाला लागले. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने ऑस्ट्रेलियाला 4-2 असे हरवले. मुंबईच्या नेव्हिल डिसूझाने त्यात तीन गोल केले. त्या संघात बंगळुरूचा केम्पय्याही होता. भारत चौथा आला. ऑलिंपिक फुटबॉलमधली आपली ही आजवरची सर्वोत्तम कामगिरी आहे.

खरी परीक्षा 1962 मध्ये जकार्ता येथे झाली. रहीमसाहेबांना कर्करोगाने ग्रासले होते. पहिलाच सामना आपण दक्षिण कोरियाकडून 0-2 असा हरलो. पुढे थायलंडविरुद्ध बचावपटू जर्नेलसिंगचे डोके फुटले, टाके पडले. अशा डोक्याने बचावात हेडर मारत राहणे धोक्याचे होते. रहीमसाहेबांनी त्याला बाहेर बसवले नाही, उपांत्य सामन्यात सरळ सेंटर फॉरवर्ड केले. बचावाच्या मध्यभागी अरुण घोष आला. अंतिम सामन्यात गोलपोस्टमध्ये पीटर थंगराज उभा राहिला. तो मद्रास रेजिमेंटल सेंटरमध्ये घडलेला खेळाडू. 4 सप्टेंबरला त्याच कोरियाला आपण 2-1 असे हरवले. मैदानातले प्रेक्षक आपल्या विरोधात होते. पहिला गोल पी. के. बॅनर्जीचा, दुसरा टाके पडलेल्या जर्नेलसिंगचा. बंगळुरूचा अरुमैनायगमही या विजेत्या संघात होता.

11 जून 1963 रोजी रहीमसाहेब गेले. त्यानंतर आशियाई स्पर्धेत फुटबॉलचे सुवर्ण आपल्याला पुन्हा मिळालेले नाही.

आमच्या हाऊसच्या संघात मी लेफ्ट बॅक आहे. निवडीच्या वेळी सगळ्यांनाच फॉरवर्ड व्हायचे असते, कारण टाळ्या गोल करणाऱ्याला मिळतात. पुढे फौजेत गेल्यावर कोणती जागा मिळेल, हे आपण ठरवणार नाही. जर्नेलसिंगने जागा निवडली नव्हती, मिळालेली जागा पेलली होती. आणि कोण कोणती जागा पेलू शकेल, हे अचूक ओळखणारा गुरू त्याला लाभला होता. आम्हा कॅडेट्सनी रहीमसाहेबांकडून शिकायचे ते हेच, असे मला वाटते.