सुगरणीचे कोडे

पक्षिवेत्ते सलीम अली यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबईत झाला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच हरपले. मामांनी त्यांचा सांभाळ केला.

शाळकरी वयात एकदा सलीमने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही चिमणी कोणती, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे चिटणीस मिलर्ड यांच्याकडे धाडले. मिलर्डसाहेबांनी चिमणीचे नाव तर सांगितलेच, शिवाय पेंढा भरलेल्या पक्ष्यांनी गच्च भरलेले खण उघडून दाखविले. एका प्रश्नाचे उत्तर मिळाले आणि त्यातून अनेक नवे प्रश्न उभे राहिले!

पुढे जर्मनीत पक्षिशास्त्राचा अभ्यास करून सलीम अली स्वदेशी परतले, तो मुंबईच्या संग्रहालयातील त्यांची जागा पैशांअभावी रद्द झालेली. १९३० साली ते पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी राहू लागले. उद्या काय होईल, हे ठाऊक नव्हते.

तेथे एका झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. काही घरटी पुरी विणलेली, तर काही अर्धवट सोडलेली. असे का असावे? सुगरण या नावावरून तर घरटे मादीच विणते, असे कोणासही वाटेल. सलीम अलींनी मात्र काहीच गृहीत धरले नाही. पावसाळ्याच्या दिवसांत तासन्‌तास आडोशाला बसून, डोळ्यांना दिसेल तेवढेच ते वहीत टिपीत राहिले.

हळूहळू कोडे उलगडले. विणकर असतो तो नर! तो घरटे अर्धे विणतो. मग मादी येऊन ते पारखते. तिला पसंत पडले तर नर ते पुरे करतो आणि लगेच दुसरे घरटे आरंभून दुसऱ्या मादीची वाट पाहतो. नापसंत घरटी अर्धवटच लोंबत राहतात.

या अभ्यासाने पक्षिशास्त्रात त्यांचे नाव झाले. १९७६ साली त्यांना पद्मविभूषण हा किताब मिळाला. २० जून १९८७ रोजी ते निवर्तले.

मुलांनो, आज सीवूड्सच्या पाणथळीत गुलाबी रोहित पक्ष्यांचे थवे उतरतात. पक्ष्याचे नाव भ्रमणध्वनी क्षणात सांगतो. पण हा थवा आज येथेच का उतरला, उद्या तो येईल की नाही, हे जाणण्यासाठी काठावर थांबावे लागते. ठाऊक नाही असे म्हणण्यात कमीपणा नाही. किहीमचा अभ्यास तेथूनच सुरू झाला होता.