यंत्राला भाषा शिकविणारी : ग्रेस हॉपर
(द्वितीय वर्ष, कला)

थोरांची चरित्रे वाचावीत, असे आपण शाळेत असल्यापासून ऐकत आलो आहोत. परंतु काही थोर माणसांची ओळख पुस्तकातून न होता अगदी अनपेक्षित ठिकाणी होते. ग्रेस हॉपर यांची माझी ओळख अशीच झाली.

गेल्या वर्षी ‘कमवा व शिका’ योजनेत मला आपल्या महाविद्यालयाच्या संगणक कक्षात काम मिळाले. झाडलोट करणे, नोंदवहीत विद्यार्थ्यांच्या सह्या घेणे आणि सायंकाळी दिवे-पंखे बंद करणे एवढेच माझे काम. एके दिवशी तेथील सर एका जुन्या संगणकावर जीसीसी नावाचा कंपायलर बसवीत होते. कंपायलर म्हणजे माणसाने लिहिलेली आज्ञावली, अर्थात प्रोग्रॅम, यंत्राला कळणाऱ्या आकड्यांत उतरवून देणारा भाषांतरकार. तयार कंपायलर न आणता सर त्याची मूळ संहिता आणून तो तेथल्या तेथे घडवीत होते. प्रथम त्यांनी संहितेचे गाठोडे सोडविले. मग कॉन्फिगर ही आज्ञा दिली. तिने यंत्रात काय आहे आणि काय नाही याची झडती घेतली. त्यानंतर मेक ही आज्ञा दिली, आणि पडद्यावर ज्या ओळी धावू लागल्या त्या दुपारपासून दिवेलागणीपर्यंत धावतच होत्या. शेवटी मेक इन्स्टॉल या आज्ञेने घडलेला माल आपापल्या जागी जाऊन बसला.

एवढा वेळ का लागतो, असे मी विचारले. तेव्हा सरांनी सांगितले, की हे काम तीन फेऱ्यांत होते. यंत्रावर आधीपासून असलेला कंपायलर नव्याला घडवितो. तो नवा कंपायलर त्याच संहितेतून स्वतःला पुन्हा घडवितो, आणि मग आणखी एकदा घडवितो. दुसऱ्या आणि तिसऱ्या फेरीचे फळ तंतोतंत जुळले, म्हणजे काम बिनचूक झाले असे समजायचे.

मला घरचे दही आठवले. दही लावायचे तर विरजण हवे, आणि विरजण म्हणजे कालचे दहीच! घरातले संपले तर आई मला वाटी घेऊन शेजारी पाठविते. पण ज्या दिवशी साऱ्या गावातच दही नव्हते, त्या दिवशी पहिले विरजण कोणी आणि कशाचे लावले असेल? कंपायलर घडवायला कंपायलर लागतो, तर मग सर्वांत पहिला कोणी घडविला? सरांनी उत्तर न देता फळ्यावर एक नाव लिहिले. त्या नावाचा मागोवा घेताना जे वाचनात आले, ते येथे सांगत आहे.

ग्रेस ब्रूस्टर मरे हिचा जन्म ९ डिसेंबर १९०६ रोजी न्यूयॉर्क येथे झाला. तीन भावंडांत ती थोरली. सात वर्षांची असताना गजराचे घड्याळ कसे चालते हे पाहण्यासाठी तिने एक घड्याळ उघडले. ते पुन्हा जुळेना, म्हणून दुसरे उघडले. असे करता करता घरातली सात घड्याळे खिळखिळी झाली. आईने तिला मारले नाही. यापुढे एकाच घड्याळावर प्रयोग करायचे, एवढेच बंधन घातले. वडील विमा व्यवसायात होते. आपल्या मुलींनाही मुलाइतकेच शिक्षण मिळाले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. हे भाग्य त्या काळी फार थोड्या मुलींच्या वाट्याला येत असे, हे येथे सांगितलेच पाहिजे.

तरीही वाट सरळ नव्हती. व्हॅसार महाविद्यालयाच्या प्रवेशाच्या वेळी लॅटिन भाषेच्या परीक्षेत ती कमी पडली आणि तिला एक वर्ष थांबावे लागले. पुढच्या वर्षी प्रवेश मिळाला, आणि १९२८ साली तिने गणित व भौतिकशास्त्र घेऊन पदवी मिळविली. एका भाषेने जिला दारातच अडविले, तिनेच पुढे यंत्रासाठी भाषेचे दार उघडावे, हा योगायोग मोठा विलक्षण आहे! येल विद्यापीठातून तिने १९३० साली एम. ए. आणि १९३४ साली गणितातील पीएच. डी. या पदव्या घेतल्या. १९३० सालीच व्हिन्सेंट हॉपर यांच्याशी विवाह झाला आणि ग्रेस मरे ही ग्रेस हॉपर झाली. पुढे हा विवाह टिकला नाही, पण नाव तेच राहिले. व्हॅसारमध्येच हॉपरबाई गणित शिकवू लागल्या.

इतक्यात दुसरे महायुद्ध पेटले. बाईंचे पणजोबा नौदलात रिअर अ‍ॅडमिरल होते. आपणही नौदलात जावे असे त्यांनी ठरविले. पण वय सदतिशीला आलेले, आणि वजन नियमापेक्षा पंधरा पौंडांनी कमी! खास सवलत मिळवून त्या १९४३ च्या डिसेंबरात नौदलाच्या राखीव दलात दाखल झाल्या. प्रशिक्षणात त्यांनी पहिला क्रमांक मिळविला. १९४४ च्या जुलैमध्ये त्यांची नेमणूक हार्वर्ड विद्यापीठात हॉवर्ड एकेन यांच्या हाताखाली झाली.

तेथे मार्क वन नावाचे गणकयंत्र होते. लांबी ५१ फूट, उंची ८ फूट आणि वजन सुमारे पाच टन. एका सेकंदात ते तीन बेरजा करी. आज हे ऐकून हसू येईल, पण त्या काळी तो चमत्कार होता. या यंत्राला आज्ञा द्यायच्या त्या कागदी फितीवर भोके पाडून. हॉपरबाईंनी त्याच्या आज्ञा लिहिल्या आणि ते कसे चालवावे याचा पाचशेहून अधिक पानांचा ग्रंथही तयार केला. तो १९४६ साली प्रसिद्ध झाला.

त्यांच्याविषयी एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. ९ सप्टेंबर १९४७ रोजी मार्क टू या यंत्रात एक पतंग अडकून मेला होता. तो काढून नोंदवहीत चिकटविण्यात आला. तेव्हापासून यंत्रातील दोषाला इंग्रजीत किडा म्हणू लागले, असे लोक सांगतात. पण तो शब्द त्याआधीपासून रूढ होता, आणि तो पतंग बाईंना स्वतःला सापडलेलाही नव्हता. त्यांनी ही हकिकत रंगवून सांगितली एवढेच. त्यांचे खरे मोठेपण निराळेच आहे, आणि ते एका साध्या वहीपासून सुरू होते.

हार्वर्डला काम करणारे सहकारी आपापल्या वह्या ठेवीत. एखाद्या गणिताच्या आज्ञांचा तुकडा बरोबर जमला, की तो वहीत उतरवून ठेवायचा. पुन्हा गरज पडली की ज्याच्या वहीत असेल त्याच्याकडून मागून घ्यायचा. पण यात दोन अडचणी होत्या. एक तर उतरवून घेताना चुका होत. दुसरे म्हणजे जागेचा हिशेब. समजा, वहीतल्या तुकड्याची मोजणी शून्यापासून आहे आणि त्यात बाराव्या ओळीकडे जाण्याची आज्ञा आहे. तोच तुकडा नव्या आज्ञावलीत तीनशेव्या ओळीपासून बसविला, तर बाराच्या जागी तीनशे बारा करावे लागणार. असे प्रत्येक ओळीत. गणितातले पंडितही या साध्या बेरजांत चुकत! उतरविणे आणि बेरीज करणे, ही दोन्ही कामे जर यंत्र माणसापेक्षा चांगली करते, तर ती यंत्रालाच का सांगू नयेत, असा विचार बाईंच्या मनात आला.

१९४९ साली त्या फिलाडेल्फियाच्या एकर्ट-मॉकली कंपनीत गेल्या. तेथे युनिव्हॅक हा संगणक तयार होत होता. पुढच्याच वर्षी रेमिंग्टन रँड या कंपनीने ती कंपनी विकत घेतली. युनिव्हॅकमध्ये पाच हजारांवर निर्वात नळ्या होत्या, आणि स्मृतीत अवघ्या एक हजार जागा. या यंत्रासाठी बाईंनी १९५२ साली ए-झिरो नावाचा कंपायलर तयार केला. तपासून घेतलेले आज्ञांचे तुकडे त्यांनी चुंबकीय फितीवर साठविले आणि प्रत्येकाला एकेक खूणक्रमांक दिला. माणसाने फक्त क्रमांक लिहायचे. यंत्र फितीवरून ते तुकडे गोळा करी, जागांच्या बेरजा करी आणि सलग आज्ञावली जोडून देई. इंग्रजीत कंपाइल करणे म्हणजे संकलन करणे. त्यावरून कंपायलर हे नाव पडले.

यात एक मोठा पेच होता. यंत्र आज्ञावली जुळविताना आरंभापासून शेवटाकडे एकदाच जाई. मध्येच पुढच्या एखाद्या भागाकडे उडी घेण्याची आज्ञा येई. पण तो भाग कोठे बसणार, हे अजून ठरलेलेच नसे. येथे बाईंना कॉलेजातला बास्केटबॉल आठवला. चेंडू घटकाभर दुसऱ्या खेळाडूकडे सोपवायचा आणि पुढे जागा मिळाल्यावर परत घ्यायचा, ही त्या खेळातली युक्ती. त्यांनी स्मृतीच्या टोकाला एक कोपरा राखून ठेवला. उडी आधी त्या कोपऱ्यात घ्यायची. पुढचा भाग कोठे बसला हे कळले, की त्या कोपऱ्यात त्याचा पत्ता लिहायचा!

आजच्या व्याख्येने पाहिले तर ए-झिरो हा पूर्ण कंपायलर नव्हता. तुकडे जोडणे हेच त्याचे मुख्य काम होते, असे जाणकार म्हणतात. इंग्लंडमध्ये मँचेस्टर येथे अ‍ॅलिक ग्लेनी यांनी त्याच वर्षी केलेल्या कामालाही पहिलेपणाचा मान दिला जातो. पण आज्ञावली लिहिण्याचे कष्ट आज्ञावलीनेच उचलावेत, हा विचार बाईंनी करून दाखविला, यात शंका नाही. आणि त्यांना मागे वळून मागायला विरजण नव्हते. त्यांचा कंपायलर दुसऱ्या कोणत्या कंपायलरने घडविला नव्हता. ओळ न् ओळ यंत्राच्या सांकेतिक खुणांत माणसांनीच लिहिली होती.

कंपायलर चालू झाला, तरी त्याला हात लावायला कोणी तयार होईना. संगणक फक्त आकडेमोड करतो, तो आज्ञावली लिहूच शकत नाही, असे लोक बाईंना ऐकवीत. त्यांनी वाद घातला नाही. १९५३ साली सुधारलेला ए-टू कंपायलर त्यांनी ग्राहकांना मूळ संहितेसह दिला आणि काही सुधारणा सुचल्यास कळवावे अशी विनंती केली. आपली विद्या कुलूपबंद न ठेवता ती उघडी करून वाटणे, हे त्या काळी किती जणांना सुचले असते?

पुढचा टप्पा याहून धाडसाचा होता. व्यापारी कचेरीतल्या माणसांना गणिती चिन्हे नकोत, त्यांना शब्द हवेत, हे बाईंनी ओळखले. इंग्रजी शब्दांत दिलेल्या आज्ञा समजणारा एक छोटा नमुना त्यांनी केला, आणि १९५५ च्या सुमारास वरिष्ठांना दाखविला. यंत्राला सर्व भाषा सारख्याच हे पटावे, म्हणून त्याच आज्ञा फ्रेंच आणि जर्मन शब्दांतही चालवून दाखविल्या. परिणाम उलटाच झाला! अमेरिकेत बनलेल्या यंत्राला परकी भाषा कशी येईल, म्हणून वरिष्ठ बिथरले. त्यांची समजूत घालण्यात बाईंचे कित्येक महिने गेले, आणि शेवटी फक्त इंग्रजीच वापरू असे कबूल करावे लागले. त्यातून फ्लो-मॅटिक ही भाषा तयार झाली.

हा प्रसंग वाचून मी थोडा वेळ थांबले. यंत्राला इंग्रजी जितके परके तितकेच फ्रेंचही परके होते. अडचण यंत्राची नव्हतीच, माणसांच्या मनाची होती.

१९५९ साली अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पुढाकाराने, सर्व कंपन्यांच्या यंत्रांवर चालेल अशी एक भाषा करण्यासाठी समिती नेमली गेली. तिने कोबोल ही भाषा तयार केली. ती एकट्या हॉपरबाईंची निर्मिती नव्हे. परंतु तिचा पाया मुख्यतः फ्लो-मॅटिकचाच होता. डिसेंबर १९६० मध्ये कोबोलमधील एकच आज्ञावली दोन निराळ्या कंपन्यांच्या संगणकांवर चालवून दाखविण्यात आली. प्रत्येक यंत्रावर त्याचा त्याचा कंपायलर बसविला, की वर लिहिलेली भाषा तीच राहते, हे सर्वांनी पाहिले.

१९६६ च्या अखेरीस, साठाव्या वर्षी, बाई नौदलातून निवृत्त झाल्या. पण कोबोलचे इतके निरनिराळे अवतार झाले होते, की सहा महिन्यांसाठी म्हणून १९६७ साली त्यांना परत बोलावण्यात आले. ते सहा महिने संपलेच नाहीत! कंपायलर प्रमाणभाषेला धरून आहे की नाही, हे तपासणाऱ्या आज्ञावली त्यांनी आपल्या गटाकडून तयार करवून घेतल्या. व्याख्यानाला जाताना त्या सुमारे तीस सेंटिमीटर लांबीचे तारांचे तुकडे नेत आणि विजेला सेकंदाच्या अब्जांशात याहून लांब जाता येत नाही, हे मुलांच्या हातात तार देऊन समजावीत. १४ ऑगस्ट १९८६ रोजी रिअर अ‍ॅडमिरल या पदावरून त्या दुसऱ्यांदा निवृत्त झाल्या, तेव्हा वय ७९ होते. त्यानंतरही त्या एका संगणक कंपनीत सल्लागार होत्या. १ जानेवारी १९९२ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांच्या नावाची युद्धनौका १९९७ साली नौदलात दाखल झाली.

वाचकहो, मी कला शाखेची विद्यार्थिनी. कंपायलर घडविणे मला येत नाही. पण आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. प्रवेशाच्या वेळी उत्पन्नाचा दाखला कोठे मिळतो, शिष्यवृत्तीचा अर्ज कसा भरतात, हे घरात कोणालाच ठाऊक नव्हते. तीनदा अर्ज परत आला. प्रत्येक वेळी काय चुकले, ते मी एका वहीत लिहून ठेवले. ती वही जपून ठेवावी असे मला वाटे, कारण ती माझ्या कष्टाची होती.

पहिल्याला सारे हातानेच करावे लागते, त्याला इलाज नाही. पण ते कष्ट दुसऱ्यालाही तसेच पडावेत असे मुळीच नाही, हे मला हॉपरबाईंच्या चरित्राने शिकविले. या जूनमध्ये आमच्या वाडीतल्या दोन मुली अकरावीला गेल्या. वही मी त्यांच्याकडे दिली आहे, आणि काही बदलले असेल तर त्यात लिहून पुढे द्या, असे सांगितले आहे.

यंत्राला भाषा देणाऱ्या आणि ती दिलेली भाषा सर्वांसाठी मोकळी ठेवणाऱ्या या विदुषीला माझे विनम्र अभिवादन!