वजनकाटा आणि डॉ. कीज

दवाखान्यात वजन आणि उंची घेऊन आपल्याला एक आकडा सांगतात. त्या आकड्याला ‘बॉडी मास इंडेक्स’ हे नाव देणारे डॉ. अँसेल कीज १९०४ साली अमेरिकेतील कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथे जन्मले.

मिनेसोटा विद्यापीठात त्यांनी आहार आणि शरीर यांचा आयुष्यभर अभ्यास केला. दुसऱ्या महायुद्धात सैनिकांसाठी ‘के-रेशन’ हा सुटसुटीत शिधा तयार केला. १९४४-४५ मध्ये ३६ स्वयंसेवकांना अर्धपोटी ठेवून उपासमारीचे परिणाम तपासले.

१९७२ साली त्यांनी पाच देशांतील सात हजारांवर पुरुषांची मापे पडताळली. किलोतील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागायचे, हे बेल्जियमच्या केतले यांचे जुने सूत्र त्यांना सोयीचे वाटले. मात्र ते लोकसमूहांच्या अभ्यासासाठी होते, एकेका माणसाच्या निदानासाठी नव्हे. त्या पाहणीत स्त्रिया नव्हत्या, भारतीयही नव्हते.

कीज २००४ साली शंभराव्या वर्षी निवर्तले. त्याच वर्षी पुण्याचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी स्वतःचीच मापे प्रसिद्ध केली. दोघांचा आकडा २२.३ च होता; पण चरबी याज्ञिकांच्या अंगात २१.२ टक्के, तर युडकिनांच्या ९.१ टक्के!

आपले पूर्वज महाराष्ट्रातून आले, शरीराची ठेवणही त्यांचीच. म्हणून सडपातळ दिसणाऱ्यांनीही निर्धास्त राहू नये. कमरेचा घेर आणि रक्तातील साखर अवश्य तपासून घ्यावी.