ॲनाबाई आख्मातोवा

रशियाच्या थोर कवयित्री ॲना आख्मातोवा यांचा जन्म १८८९ साली ओडेसाजवळ झाला. मूळचे आडनाव गोरेंको. मुलीने कविता करून घराण्याच्या नावाला बट्टा लावू नये असे वडिलांचे म्हणणे पडले, तेव्हा त्यांनी पणजीचे आख्मातोवा हे नाव घेतले. १९१० मध्ये कवी निकोलाय गुमिल्योव यांच्याशी त्यांचा विवाह झाला व १९१२ मध्ये लेव्ह हा एकुलता एक मुलगा झाला. त्याचे बालपण मात्र बहुतेक आजीपाशीच गेले. १९१८ मध्ये पतिपत्नी विभक्त झाली. पुढे १९२१ मध्ये गुमिल्योव यांना राजद्रोहाच्या आरोपाखाली गोळी घालण्यात आली आणि बापाचे नावच मुलाला जन्मभर भोवले.

१९३५ मध्ये लेव्हला अटक झाली. ॲनाबाईंनी थेट स्टालिनला पत्र लिहिले व तो सुटला. १९३८ मध्ये तो पुन्हा पकडला गेला. लेनिनग्राडच्या तुरुंगाबाहेर कैद्यांच्या आयाबायांच्या रांगा लागत. त्या रांगांत बाईंनी १७ महिने काढले. त्या दुःखातून 'रेक्विएम' हे काव्य जन्मले. ते घरात लिहून ठेवणे जिवावर बेतणारे होते. म्हणून विश्वासू मैत्रिणींनी ओळी पाठ करायच्या व कागद लगेच जाळायचा, असा क्रम चाले. सोव्हिएत रशियात ते छापले गेले १९८७ मध्ये.

लेव्ह छावणीतून सुटून महायुद्धात लढला. परंतु १९४६ मध्ये बाईंना लेखकसंघातून काढण्यात आले आणि १९४९ मध्ये मुलाला पुन्हा अटक होऊन दहा वर्षांची शिक्षा झाली. तेव्हा या मानी स्त्रीने पोटच्या गोळ्यासाठी स्टालिनच्या स्तुतीची कवने लिहून छापविली. त्यांचा उपयोग झाला नाही. लेव्ह सुटला तो १९५६ मध्ये, स्टालिनच्या मृत्यूनंतर.

घरी परतलेल्या मुलाच्या मनात मात्र अढी होती. आईने आपल्यासाठी पुरेशी खटपट केली नाही, असे त्याने घेतले होते. मायलेकरांत दुरावा आला तो शेवटपर्यंत. राजसत्तेने मुलगा परत दिला, पण त्याची माया परत आली नाही. ५ मार्च १९६६ रोजी ॲनाबाई निवर्तल्या.

पुढे लेव्हने विद्यार्थ्यांच्या मदतीने कोमारोवो येथे आईच्या समाधीपाशी दगडांची भिंत रचली. ज्या तुरुंगाच्या भिंतीखाली आई त्याच्यासाठी उभी राहिली होती, तिचीच ती खूण होती.